सोबत कोण आले आहे?

१९५० नंतरच्या काही वर्षांत अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात एक अनपेक्षित दृश्य दिसू लागले. इमारतींलगतच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकलेले होते आणि त्यांत रुग्णांचे नातेवाईक राहत होते. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाची बायको. रोज या सर्वांची बैठक भरे. रुग्णही तिला बसत. रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर तिथे आजाराविषयी सोप्या भाषेत बोलत, प्रश्न घेत, पुराणांतल्या आणि धर्मग्रंथांतल्या परिचित कथांचा दाखला देत.

यात नवल ते काय, असे कुणाला वाटेल. आपल्याकडे कोणत्याही रुग्णालयात जा, खाटेशेजारी घरचे माणूस असतेच. नवल असे, की मनोरुग्णालय या रीतीला अपवाद होते. तिथे रुग्णाला पोहोचवून माणसे परत जात, आणि पुष्कळदा पुन्हा फिरकत नसत. हा अपवाद कसा तयार झाला, तो मोडल्यावर काय घडले आणि त्यातून मनाच्या आजारांविषयी विज्ञानाला काय शिकायला मिळाले, हे आपण या लेखात पाहू.

भिंतीआडची व्यवस्था

एकोणिसाव्या शतकातल्या अनेक युरोपीय वैद्यांचे मत असे होते, की आजार घरच्या वातावरणात वाढतो, म्हणून रुग्णाला घरापासून तोडले पाहिजे. त्यातून शहराबाहेरच्या, उंच भिंतींच्या मोठमोठ्या संस्था उभ्या राहिल्या. अपवाद होते. बेल्जियममधल्या गेल या गावात मध्ययुगापासून मनोरुग्णांना स्थानिक कुटुंबांत ठेवून घेण्याची प्रथा चालत आली आहे. पण वसाहतींमध्ये जी व्यवस्था आली ती गेलची नव्हे, भिंतीआडची.

हिंदुस्थानात १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला. १९१२ च्या कायद्याने रुग्णाला दाखल करण्याच्या कामात दंडाधिकाऱ्याच्या हुकमाला मध्यवर्ती स्थान दिले. आजारी माणसाचा प्रवेश न्यायालयाच्या दारातून होऊ लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्रातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांची सुरुवात याच ब्रिटिश अमदानीतली. १९४६ च्या भोर समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यानुसार त्या वेळच्या अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णालये होती १९ आणि खाटा सुमारे दहा हजार. लोकसंख्या चाळीस कोटींच्या आसपास होती. यांतली बहुतेक रुग्णालये उपचारांपेक्षा बंदोबस्तासाठीच बांधलेली आहेत, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता.

त्यानंतर फाळणी झाली. मालमत्तेप्रमाणे मनोरुग्णांचीही वाटणी झाली. लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण १९५० मध्ये भारतात आणले गेले, त्यांतले बरेच अमृतसरला आले. सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा याच अदलाबदलीवर आहे. ज्यांच्या घरांचाच पत्ता उरला नाही अशी माणसे आणि त्यांना सांभाळायला मोजके कर्मचारी, अशी त्या काळी अमृतसरची स्थिती होती.

तंबूंतली शाळा

विद्यासागरांनी तंबू उभारले ते या गर्दीत आणि टंचाईत. खाटा कमी, माणसे कमी; तेव्हा रुग्णाची देखभाल घरच्यांनीच करावी, हा त्यातला व्यवहार होता. पण परिणाम व्यवहारापुरता राहिला नाही. रुग्ण लवकर सुधारू लागले. घरच्यांची भीती कमी झाली, कारण आजाराचा चढ आणि उतार दोन्ही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्याच माणसासारखी आणखी वीस-पंचवीस माणसे आहेत, ‘ही आपल्या घराण्याला लागलेली कीड नव्हे’, हे त्यांना तिथे कळले. मुख्य म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाला ते घरी घेऊन गेले. आणि जाताना जे शिकले तेही गावात घेऊन गेले.

विद्यासागरांनी स्वतः फारसे लिहून ठेवले नाही. पण त्यांचा कित्ता पुढे अनेकांनी गिरवला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मनोरुग्ण विभागात रुग्णासोबत नातेवाईकाने राहण्याची पद्धत रुजली. नंतर बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेतही (आजची निमहान्स) कुटुंबासाठी वेगळे कक्ष आले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे एक शंका काढली पाहिजे. तंबूंचा काळ आणि नव्या औषधांचा काळ एकच आहे. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर प्रथम वापरले गेले आणि काही वर्षांत जगभर पोहोचले. त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवरचा उपयोग नोंदवला होता. मग रुग्ण सुधारले ते औषधाने की सोबतीने? अमृतसरमध्ये तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून केवळ त्या अनुभवावरून उत्तर देता येत नाही. त्यासाठी निराळी तयारी लागणार होती.

आरो गावातला प्रयोग

साधारण याच वर्षांत, अमृतसरशी काही संबंध नसताना, पश्चिम आफ्रिकेत असाच एक प्रयोग सुरू झाला. तो समजण्यासाठी आधी त्या काळचे ‘शास्त्रीय’ मत पाहिले पाहिजे. केनियात काम केलेले ब्रिटिश डॉक्टर जे. सी. कॅरोथर्स यांचा आफ्रिकी मनाविषयीचा ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. आफ्रिकी माणसाची तुलना त्यांनी मेंदूच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीय माणसाशी केली होती. त्यांच्या आधी, १९०४ मध्ये, आधुनिक मनोविकारशास्त्राचे एक जनक एमिल क्रेपेलिन जावा बेटावर गेले होते. युरोपात दिसणारे गंभीर मनोविकार तिथेही आहेत, हे त्यांनी अचूक टिपले. तिथल्या रुग्णांना कानात आवाज ऐकू येण्याचे भास कमी होतात, हेही टिपले. पण कारण देताना मात्र, या लोकांच्या विचारांत भाषेला युरोपीयांइतके स्थान नाही, असे सांगून ते मोकळे झाले. निरीक्षण चोख आणि अर्थ पूर्वग्रहाचा, असे विज्ञानात वारंवार घडते. विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे हे उदाहरण आहे.

कॅरोथर्स यांचा ग्रंथ आल्यानंतरच्याच वर्षी नायजेरियाचे थॉमस अडेओये लांबो हे तरुण डॉक्टर आबेओकुटा या आपल्या गावाजवळच्या आरो येथे काम करू लागले. इंग्लंडमध्ये वैद्यकीय आणि मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले होते. आबेओकुटातली त्या वेळची मनोरुग्णांची जागा म्हणजे एक जुना तुरुंग होता. आरोचे नवे रुग्णालय अजून बांधून व्हायचे होते. लांबोंनी त्याची वाट पाहिली नाही. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांना त्यांनी विनंती केली, की रुग्णांना घरात भाड्याने जागा द्या. अट एकच: प्रत्येक रुग्णासोबत निदान एक नातेवाईक आला पाहिजे. दिवसा रुग्ण रुग्णालयात येत, तिथे औषधे आणि त्या काळचे इतर उपचार घेत. उरलेला वेळ ते गावात राहत, गावातली कामे करत, सणसमारंभात जात. पारंपरिक वैद्यांनाही लांबोंनी सोबत घेतले; गावाच्या समजुती, नात्यांतले ताण आणि रुग्णाच्या बोलण्याचा अर्थ त्यांना डॉक्टरांपेक्षा अधिक कळत असे.

लांबो पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले. ज्या संघटनेने कॅरोथर्स यांचा ग्रंथ छापला, तिच्याच धोरणांवर पुढे आरोच्या अनुभवाची छाप पडली.

आधी मोजपट्टी एक हवी

अमृतसर आणि आरो हे अनुभव होते, पुरावे नव्हेत. देशादेशांची तुलना करायची तर पहिली अडचण निदानाची. ताप मोजायला तापमापी आहे. भ्रम आणि भास कशाने मोजणार? ही अडचण किती मोठी आहे ते १९७० च्या सुमारास उघड झाले. काही रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवण्यात आल्या. एका रुग्णाबाबत अमेरिकेतल्या दोनतृतीयांशांहून अधिक तज्ज्ञांनी ‘स्किझोफ्रेनिया’ (छिन्नमनस्कता) असे निदान केले. ब्रिटिशांपैकी तसे म्हणणारे जवळजवळ कोणीच नव्हते. माणूस तोच, चित्रफीत तीच, भाषाही इंग्रजीच. वेगळी होती ती डॉक्टरांची घडण. संस्कृती फक्त रुग्णालाच असते असे नाही, ती डॉक्टरलाही असते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलेल्या अभ्यासात आधी मुलाखतीची एकच प्रश्नावली ठरवली, तिची भाषांतरे केली, ती वापरण्याचे प्रशिक्षण सर्वांना दिले. नऊ केंद्रे निवडली: आरहूस, आग्रा, इबादान, काली, तैपेई, प्राग, मॉस्को, लंडन आणि वॉशिंग्टन. एकूण १,२०२ रुग्णांची नोंद झाली. पहिला निष्कर्ष असा, की स्किझोफ्रेनिया सगळीकडे आहे आणि त्याचा गाभा सारखा आहे. दोन वर्षांनी त्याच रुग्णांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा दुसरा निष्कर्ष हाती आला आणि तो कुणाच्याच अपेक्षेत नव्हता. भारतातले आग्रा, नायजेरियातले इबादान आणि कोलंबियातले काली या केंद्रांतले रुग्ण सरासरीने अधिक चांगल्या स्थितीत होते. रुग्णालये, डॉक्टर आणि पैसा जिथे भरपूर, तिथले रुग्ण मागे होते. दहा देशांतल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासानेही (त्यात आग्र्यासोबत चंदीगडही होते) १९९२ च्या अहवालात ढोबळमानाने हेच सांगितले.

‘संस्कृती’ म्हणजे नेमके काय?

इथे थांबून ‘आपली संस्कृतीच श्रेष्ठ’ असे म्हणून टाळ्या घेता येतात. पण त्याने काहीच उलगडत नाही. ‘संस्कृतीमुळे’ हे उत्तर नव्हे; ती बंद पेटी आहे आणि ती उघडून पाहिली पाहिजे.

ती उघडण्याची एक किल्ली लंडनमध्येच सापडली होती. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेत होते. त्यांना दिसले, की आईवडील किंवा जोडीदाराकडे परतलेले रुग्ण, परक्या घरी भाड्याने राहणाऱ्या किंवा भावंडांकडे गेलेल्या रुग्णांपेक्षा अधिक वेळा पुन्हा आजारी पडतात. म्हणजे अमृतसरमध्ये घरची माणसे जवळ असणे तारक, आणि लंडनमध्ये मारक? विसंगती वाटते, पण तीच वाट दाखवते. ब्राउन आणि नंतर जूलियन लेफ, क्रिस्टीन वॉन यांनी कुटुंबीयांच्या मुलाखती बारकाईने तपासल्या. रुग्णाविषयी बोलताना सतत टीका किती, वैरभाव किती, जीव गुदमरवणारी काळजी किती, हे त्यांनी मोजले. ज्या घरांत हे प्रमाण जास्त, तिथे आजार उलटण्याचा धोका जास्त.

पुढे हीच मोजणी चंदीगडमध्ये झाली. डॉ. नरेंद्रनाथ विग आणि लेफ यांच्या गटाचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनच्या मानाने चंदीगडच्या कुटुंबांत टीकेचे आणि अतिकाळजीचे प्रमाण बरेच कमी होते. शहरापेक्षा खेड्यांत आणखी कमी. पण वैरभाव जिथे होता तिथे तो चंदीगडमध्येही घातकच होता. म्हणजे रक्ताचे नाते किंवा एकत्र कुटुंब हे औषध नव्हे. औषध आहे ते माणसाला ‘हा मुद्दाम करतो’ असे न म्हणता ‘हा आजारी आहे’ असे समजून सोबत राहणे. आणि ते शिकवता येते. लेफ यांच्या गटाने लंडनमध्ये औषधांच्या जोडीला कुटुंबांना आजाराची माहिती आणि एकमेकांशी बोलण्याची संधी दिली, तेव्हा १९८२ च्या त्यांच्या छोट्या पण तुलनेसाठी दुसरा गट असलेल्या अभ्यासात आजार उलटण्याचे प्रमाण घटले. अमृतसरच्या बैठकीत जे चालत असे, त्याला इथे पुराव्याचे बळ मिळाले. दोन्ही गटांना औषधे चालूच होती, म्हणून ‘औषध की सोबत’ हा प्रश्नही निकालात निघाला. दोन्ही लागतात.

दुसरा संभाव्य घटक कामाचा. शेतीत कमी बोलून, आपल्या गतीने करण्याजोगी कामे असतात. गुरे राखणारा, पाणी धरणारा माणूस घराला उपयोगी असतो. घड्याळावर चालणाऱ्या कारखान्यात अशा माणसाला जागा नसते. तिसरा घटक आजाराच्या अर्थाचा. बाधा झाली ती उतरेल, असे मानणारे घर बरे होण्याची वाट पाहते. ‘आता हा जन्मभर असाच’ असे मानणारे घर दार लावून घेते.

नाण्याची दुसरी बाजू

पण हाच ‘बाधे’चा अर्थ माणसाला मारूही शकतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात पहाटे आग लागली. बरे होण्याच्या आशेने घरच्यांनीच आणून ठेवलेले मनोरुग्ण तिथे साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कुणालाही साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे.

देशादेशांच्या त्या सुखद निष्कर्षांवरही २००० नंतर कठोर टीका झाली. गरीब देशांतल्या इतर अभ्यासांत चित्र इतके एकसारखे नाही. कित्येक रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून ते आकड्यांत दिसत नाहीत, असे टीकाकारांनी दाखवले. निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मनोविकारांत शंभरातल्या सत्तरहून अधिक रुग्णांना उपचार मिळत नव्हते. ‘कुटुंब सांभाळते’ या वाक्यातला कर्ताही तपासून पाहावा. सांभाळते ती बहुधा घरातली बाई. आणि तीच आजारी पडली तर? चेन्नईच्या डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला आहे. त्यांना सांभाळायला बहुतेक वेळा उरतात ते म्हातारे आईवडील.

शब्द आणि बाक

मग करायचे काय? अलीकडची दोन उदाहरणे उपयोगी आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे. गोव्याचे डॉ. विक्रम पटेल १९९० च्या दशकात झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे काम करत होते. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे: अति विचार करणे. डॉक्टर ज्याला नैराश्य किंवा चिंताविकार म्हणतात, त्याला लोक या शब्दाने ओळखत. पटेल आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या शब्दांतून प्रश्नावली तयार केली. त्याच हरारेत २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी ‘मैत्रीचा बाक’ सुरू केला. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, आणि त्यावर प्रशिक्षण घेतलेली वस्तीतलीच एखादी आजी. ती ऐकते आणि अडचणींतून वाट काढायला मदत करते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७३ रुग्णांच्या नियंत्रित चाचणीत या बाकाचा लाभ झालेला दिसला.

पटेल यांनी १९९६ मध्ये गोव्यात सहकाऱ्यांसह ‘संगत’ ही संस्था स्थापन केली. तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना मदत केली आणि ती परिणामकारक ठरली, हे २०१० च्या चाचणीत दिसून आले. ‘मनोविकार’ म्हटले की उठून जाणारा माणूस ‘टेन्शन’विषयी तासभर बोलतो, हे आपण सारेच जाणतो. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही, पण दार उघडते.

शाळेपुरते

हा सारा इतिहास शिक्षकांसाठी का? कारण शाळा हीदेखील एक संस्कृती आहे, आणि तिची घडण बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. एखादा मुलगा अचानक गप्प होतो, मार्क घसरतात, कुणी आपल्यावर पाळत ठेवतो असे म्हणू लागतो, झोपत नाही. एखाद्या मुलीच्या ‘अंगात येते’. शिक्षकखोलीत त्यावर कोणता शब्द उच्चारला जातो: नाटक, आळस, वेड, की आजार? त्या शब्दावर पुढचे बरेच अवलंबून असते. वर्गात ‘येरवड्याला पाठवू’ हा विनोद चालतो का, यावरही.

शिक्षकाने निदान करू नये. ते त्याचे काम नव्हे. बदल टिपावा, मुलाशी एकांतात बोलावे, टीका आणि उपदेश दोन्ही आवरावेत. घरच्यांना बोलवावे ते तक्रार सांगायला नव्हे, सोबत घ्यायला. त्यांचा भगत किंवा देवस्थान यांच्यावर विश्वास असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा ‘जे करता त्याच्या जोडीला डॉक्टरांकडेही चला’ असे म्हणावे. मात्र बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे याला ठाम नकार द्यावा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०२२ पासून ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६. आणि उपचार घेऊन मूल परत आले, की त्याचा बाक त्याच्यासाठी रिकामा ठेवलेला असावा.

वरच्या वर्गांत हा विषय घेताना मुलांपुढे एक प्रश्न ठेवून पाहावा. लंडनमध्ये घर मारक ठरले आणि अमृतसरमध्ये तारक, तर नेमके काय वेगळे होते? ते शोधायला कोणता प्रयोग कराल? तुलनेला कोणता गट घ्याल? मुले मनोविकारांविषयी बोलू लागतील, आणि तेही न हसता. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरी हा प्रश्न पुस्तकातला नसतो, एवढे आपण ध्यानात ठेवावे.